कॉम्प्युटर स्टिरिओला जोडला की हमिंग का येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं ओळखीतली माणसं मला एकच तक्रार सांगत आली आहेत: घरचा जुना स्टिरिओ छान वाजत होता, लॅपटॉप जोडला आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. माझ्यापर्यंत येईस्तोवर बहुतेकांनी एक-दोन केबल बदललेल्या असतात. काहींनी प्लगची मोठी पिन काढून टाकलेली असते. केबल बदलण्यात फक्त पैसे जातात, पिन काढण्यात जीव जाऊ शकतो. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सगळे आकडे आपल्याकडच्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या विजेचे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

हमिंग नेमकं येतं कुठून? केबल खराब आहे का?

केबल खराब असण्याची शक्यता कमी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून अँपच्या (स्टिरिओच्या अँप्लिफायरच्या) लाल-पांढऱ्या, म्हणजे आरसीए सॉकेटपर्यंत जी केबल जाते, तिच्यात प्रत्येक चॅनेलला दोनच वाटा असतात. मधली तार गाणं घेऊन जाते. बाहेरचं जाळीचं आवरण दोन कामं करतं: गाण्याच्या सिग्नलचा परतीचा रस्ता तेच, आणि दोन्ही यंत्रांच्या बॉडी एकमेकींना जोडणारी तारही तेच. खरी अडचण या दुहेरी कामात आहे. एका यंत्राच्या बॉडीकडून दुसऱ्याच्या बॉडीकडे जो काही करंट वाहील, तो या आवरणातून वाहणार, आणि अँप त्यालाही गाणंच समजून मोठं करणार.

किती करंट पुरतो, ते बघा. आवरणाचा रेझिस्टन्स 0.1 ओहम आणि त्यातून वाहणारा करंट 10 मिलिअँपिअर धरला, तर 1 मिलिव्होल्ट तयार होतो. ऑक्स इनपुटवर (बाहेरचं यंत्र जोडायच्या अँपच्या सॉकेटवर) गाण्याचा सिग्नल साधारण 0.3 व्होल्ट, म्हणजे तीनशे पट मोठा. तीनशे पट म्हटल्यावर पुष्कळ वाटतं, पण डेसिबलमध्ये तो जेमतेम 50 डेसिबलचा फरक झाला. ढोल-ताशा वाजत असेल तर ते कळणारही नाही. ख्यालाच्या सुरुवातीला तानपुऱ्यावर नुसता षड्ज लागलेला असताना मात्र ते हमिंग पहिल्या सेकंदाला कानात शिरतं.

'ग्राउंड लूप' म्हणतात तो हाच का?

ग्राउंड लूप हे हमिंगचं एक कारण आहे. समजा कॉम्प्युटर थ्री-पिन प्लगने बेडरूमच्या सॉकेटमधल्या अर्थला जोडलेला आहे. अँप हॉलमधल्या सॉकेटवर, तोही थ्री-पिन. आता मध्ये आरसीए केबल टाकली की एक बंद कडं तयार होतं: कॉम्प्युटर, केबल, अँप, भिंतीतली अर्थची तार आणि परत कॉम्प्युटर. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडासा का होईना व्होल्टेजचा फरक असतोच, आणि घरभर पसरलेल्या अशा कड्यात मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) चुंबकीय क्षेत्रामुळेही करंट निर्माण होतो. तो फिरतो केबलच्या आवरणातून.

अँप टू-पिनचा असेल, तर तुम्ही म्हणाल कडं होईलच कसं? ते बहुतेक वेळा टीव्हीतून होतं. त्याबद्दल खाली लिहिलंय.

आमच्या जुन्या इमारतीत धड अर्थिंगच नाही. मग लूप कुठला?

परदेशी माहितीत हा मुद्दा फारसा येत नाही आणि आपल्याकडे तर अर्धी हमिंग इथूनच येतात. लॅपटॉपचा चार्जर आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय यांच्यात मेन्सचा खरखराट जिरवायला छोटे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) बसवलेले असतात. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये एक फेजपासून बॉडीकडे, एक न्यूट्रलपासून बॉडीकडे. त्यांच्यातून झिरपणारा इवलासा करंट अर्थच्या तारेने निघून जावा, अशी मूळ योजना. सॉकेटमध्ये अर्थच नसेल तर तो जाणार कुठे? बॉडी तरंगत राहते, मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर. करंट सहसा एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो, त्यामुळे जोराचा झटका बसत नाही, पण टेस्टर लावला की पेटतो.

हे हाताला कळतं. चार्जर लावलेला असताना बोटांच्या उलट्या बाजूने लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून अगदी हलका हात फिरवा. गुळगुळीत पत्रा एकदम खरखरीत लागतो, मखमलीवरून उलटा हात फिरवल्यासारखा. चार्जर काढा, पत्रा पुन्हा गुळगुळीत. माझ्या वडिलांना पटेना म्हणून मी त्यांचे डोळे मिटवून चार्जर तीनदा काढला आणि तीनदा लावला. सहाही वेळा त्यांनी बरोबर ओळखलं.

अशा लॅपटॉपला अँप जोडला की झिरपणाऱ्या करंटला वाट मिळते: केबलच्या आवरणातून अँपकडे, तिथून टीव्हीच्या केबलमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधून बाहेर. लूप नसतानाही हमिंग येतं ते असं. डेस्कटॉप किंवा थ्री-पिन चार्जर असेल तर इथे मुळातला उपाय म्हणजे सॉकेटला खरं अर्थिंग आणणं. ते होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका.

तपासायला सुरुवात कुठून करू? काहीही विकत घेण्याआधी.

पंधरा मिनिटं लागतात. क्रम मोडू नका.

आधी अँपला जोडलेलं सगळं काढा, फक्त स्पीकर राहू द्या. आवाज नेहमीच्या जागी ठेवून ऐका. तरीही घूं येत असेल तर कॉम्प्युटरचा काही दोष नाही. अँप पंचवीस-तीस वर्षांचा असेल तर त्याच्या पॉवर सप्लायमधले मोठे फिल्टर कपॅसिटर वाळलेले असण्याची दाट शक्यता आहे. ते बदलणं चांगल्या मेकॅनिकचं काम. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो, म्हणून घरी झाकण उघडून बोटं घालू नका.

अँप शांत असेल तर कॉम्प्युटर जोडा आणि व्हॉल्यूमचा खटका फिरवून बघा. त्याबरोबर हमिंग कमी-जास्त होत असेल तर ते इनपुटमधून येतंय. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढंच राहत असेल तर पुन्हा अँपकडेच वळा.

मग लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा, कारण बटणाने फेज तुटते, अर्थ जोडलेलाच राहतो. आवाज गेला? मग कारण चार्जर आणि अर्थिंग यांच्यात आहे. डेस्कटॉपला बॅटरी नसते, म्हणून त्याच्या जागी मोबाइल लावून बघा, चार्जरशिवाय. मोबाइलवर शांत आणि डेस्कटॉपवर हमिंग, म्हणजे अँप आणि केबल दोन्ही निर्दोष.

शेवटी सेट टॉप बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या मागची केबलची गोल पिन सोडवा. आमच्या ठाण्याच्या घरी मी हीच पायरी सगळ्यात शेवटी केली आणि त्याआधीचे दोन रविवार वाया घालवले. ती पिन पेचाची होती. शेवटचा आटा सुटेपर्यंत घूं कायम होतं. पिन हातात आली त्या क्षणी हॉलमध्ये इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

नुसत्या आवाजावरून कारण ओळखता येतं का?

बरंचसं. खोल, गोल, सलग घूं म्हणजे 50 किंवा 100 हर्ट्झ: लूप, झिरपणारा करंट किंवा अँपचा पॉवर सप्लाय. त्यात मधमाशीसारखी भुणभुण मिसळली असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर किंवा स्वस्तातला एलईडी दिवा तपासा. माउस हलवला, पान वरखाली सरकवलं की बदलणारी बारीक किणकिण-चिर्रचिर्र असेल तर ती कॉम्प्युटरच्या आतली विजेची हालचाल. तीही बहुतेक वेळा त्याच आवरणातून येते, पण डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकऐवजी मागचा जॅक वापरला की पुष्कळदा कमी होते. थांबून थांबून टडक-टडक-टडक ऐकू येत असेल तर अँपजवळ ठेवलेला मोबाइल उचला.

सुरांची सवय असलेल्यांसाठी एक खूण. 50 हर्ट्झ म्हणजे हार्मोनियमच्या पांढरी पाचचा अगदी खालच्या सप्तकातला सूर, पण थोडा चढा. 100 हर्ट्झ म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातला. आता काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्यात पंचमाची तार साधारण 104 हर्ट्झवर लागते. हमिंग त्याच्या जरासं खाली, धड पंचमही नाही आणि तीव्र मध्यमही नाही. शेजारी कुणीतरी बेसूर तानपुरा छेडत बसावं तसं ते सगळं गाणं नासवतं. 'एवढ्याशा आवाजाने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवून दाखवतो.

प्लगची मोठी पिन काढली की हमिंग थांबतं. मग काय हरकत आहे?

फार मोठी हरकत आहे, आणि हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. आमच्याकडे आलेल्या एका दुरुस्तीवाल्यानेही हेच केलं होतं: पक्कड घेतली, डेस्कटॉपच्या प्लगची वरची पिन उपटली आणि 'झालं काम' म्हणून निघून गेला. हमिंग खरंच गेलं होतं. ते का गेलं हे मला कळलं तेव्हा मी त्याच दिवशी नवी पॉवर कॉर्ड आणली.

ती पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. प्लग खोचताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून ती लांब ठेवलेली आहे. पॉवर सप्लायमध्ये बिघाड होऊन फेज बॉडीला टेकली, तर मोठा करंट या पिनेतून जातो, फ्यूज किंवा एमसीबी उडते आणि माणूस वाचतो. पिन काढलीत तर बॉडी 230 व्होल्टवर तशीच उभी राहते. आणि ती एकट्या कॉम्प्युटरची बॉडी राहत नाही. आरसीए केबलच्या आवरणातून तेच 230 व्होल्ट अँपच्या बॉडीवर, हेडफोनच्या जॅकवर, माइक जोडलेला असेल तर गाणाऱ्याच्या ओठांपर्यंत जातात.

घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अर्थची तार जोडलेली असेल तर बिघाड होताच ती ट्रिप होते, कुणी हात लावायच्या आधी. पिन काढलेली असेल तर कुणीतरी हात लावल्यावरच ट्रिप होईल, कारण करंटला जमिनीकडे जायला तोवर दुसरी वाटच नसते.

थ्री-पिनचं टू-पिन करणारा छोटा कन्व्हर्जन प्लग आणि थ्री-पिनची भोकं असूनही स्वतःच्या वायरला टू-पिन प्लग असलेला एक्स्टेंशन बोर्ड हे दोन्ही त्याच पंगतीतले. बाहेरून दिसत नाही, पण पिन काढल्यासारखंच आहे.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून दिलं तर? किंवा नळाला वायर बांधली तर?

दोन्ही नको. सॉकेटच्या मागे न्यूट्रलला अर्थ जोडून 'अर्थिंग करून दिलं' म्हणणारे लोक आहेत. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रलची तार तुटली की घरातल्या चालू दिव्या-पंख्यांमधून येणारी फेज थेट त्या बॉडीवर पोचते. फ्रिज, मिक्सर, कॉम्प्युटर, ज्याची ज्याची थ्री-पिन त्या सॉकेटांत असेल तो प्रत्येक पत्रा जिवंत होतो.

नळाचं म्हणाल तर आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे आहेत, त्यामुळे अर्थ मिळतच नाही. लोखंडी असतील तर तुमच्या घरातला दोष खालच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याला भोवतो.

परवानाधारक वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दिसायला हवं आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत. पंखे-दिवे चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दाखवत असेल तर सॉकेट उघडून बघायला सांगा, आतमध्ये जोडलेलं असू शकतं. बैठ्या घरांत किंवा छोट्या सोसायट्यांत कोळसा-मिठाचा जुना अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची पद्धत आहे. ती पाळा. माती कोरडी पडली की रेझिस्टन्स वाढतो आणि एप्रिल-मेमध्ये हमिंगच्या तक्रारी वाढतात, असं मी दर वर्षी बघतो.

सगळं एकाच बोर्डावर लावलं तर फरक पडतो?

हो, आणि लूप असेल तर हाच सगळ्यात स्वस्त उपाय. कॉम्प्युटर, अँप, टीव्ही सगळे एकाच खरी अर्थची तार असलेल्या बोर्डावर घ्या. अर्थचे दोन बिंदू हातभर अंतरावर आले की त्यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि कडंही लहान होतं. लोड जास्त होईल ही काळजी नको. 6 अँपिअरच्या सॉकेटवर 1380 वॅट चालतात, लॅपटॉप आणि घरगुती अँप मिळून दोनशेच्या आत बसतात. त्याच बोर्डावर इस्त्री मात्र लावू नका.

जुना अँप टू-पिनचा असेल तर त्याचा प्लग उलटा करून बघा. ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणारा करंट कोणत्या बाजूला फेज आहे त्यावर बदलतो. कधी कधी एवढ्यानेच हमिंग निम्मं होतं. जिकडे कमी, तिकडे प्लगवर पेनाने खूण करून ठेवा.

टीव्हीची केबल दोषी निघाली. आता काय करायचं?

केबलवाल्याची तार अनेक घरांमधून, गच्चीवरून, कुणाच्या तरी घरातून वीज घेणाऱ्या बूस्टरमधून फिरत तुमच्याकडे येते. तिचं बाहेरचं आवरण स्वतःचा वेगळाच 'अर्थ' घेऊन येतं आणि तुमच्या अर्थिंगशी त्याचा मेळ नसतो. टीव्ही अँपला जोडलेला असला, किंवा कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असला, की कडं पुरं झालं. एचडीएमआयमध्येही ग्राउंडची तार असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

केबलसाठी टीव्हीच्या आधी बसवायचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो. चित्र तसंच येतं, आवरणाची जोडणी तुटते. डिश असेल तर तो चालत नाही, कारण गच्चीवरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच तारेतून 13 किंवा 18 व्होल्ट डीसी जायचे असतात आणि आयसोलेटर ते अडवतो. डिशवाल्यांनी ऑडिओच्या बाजूने तोड काढावी. ती पुढच्या उत्तरात आहे.

ग्राउंड लूप आयसोलेटर घ्यावा का? बास कमी होतो म्हणतात.

आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, एका चॅनेलला एक. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, तारेची जोडणी राहत नाही, म्हणून करंट फिरायला वाट नाही. लूप असो की झिरप, दोन्हीवर चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो.

बासबद्दल ऐकलंय ते खरं आहे. स्वस्त आयसोलेटरमधला गाभा इतका लहान असतो की खालच्या सुरांना तो लवकर भरून जातो. व्होकल, बासरी, सतार ठीक वाटतात. तबल्याच्या डग्ग्यावर हात दाबून घुमारा काढला की फरक कळतो, तो घुमारा पोकळ आणि फाटलेला येतो. म्हणून आयसोलेटर लावून आणि काढून तबल्याचं एकच सोलो ऐकायचं. फरक कळत नसेल तर खुशाल वापरा. कळत असेल तर मोठ्या गाभ्याचा, मोठ्या डबीतला घ्या. पैसे जास्त पडतात, पण डग्गा टिकतो. कॉम्प्युटरचा आवाज थोडा उतरवला तरीही स्वस्त डबीचं काम सुधारतं.

बाहेरचा यूएसबी डॅक घेतला की प्रश्न सुटेल ना?

डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारी डबी. त्याने माउस हलवल्यावरची किणकिण बहुधा कमी होईल. 50 हर्ट्झचं घूं जाईलच असं नाही. यूएसबी केबलमध्ये ग्राउंडची तार असते आणि तीच कॉम्प्युटरची बॉडी डॅकमार्फत अँपला जोडते. कडं फक्त दोन हात लांब झालं. डॅक आणि कॉम्प्युटरमध्ये यूएसबी आयसोलेटर टाकला तर ते तुटतं. साधे आयसोलेटर सेकंदाला 12 मेगाबिटपर्यंतच चालतात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओला 1.4 मेगाबिट लागतात, त्यामुळे ऑडिओला ते पुरतात. पण डॅक फक्त 480 मेगाबिटच्या वेगावरच चालणारा असेल तर तो ओळखलाच जाणार नाही. घ्यायच्या आधी विचारा.

मग ब्लूटूथ किंवा ऑप्टिकल?

हमिंगपुरतं बोलायचं तर यांच्यासारखं दुसरं काही नाही, कारण मध्ये तारच नाही. तोशिबाने 1983 मध्ये आणलेल्या टॉसलिंकमध्ये, म्हणजे ऑप्टिकल केबलमध्ये, प्लास्टिकच्या धाग्यातून लाल प्रकाश जातो, त्यातून करंट जायचा प्रश्नच नाही. कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर एक छोटा ऑप्टिकल-टू-आरसीए कन्व्हर्टर घ्या आणि जुन्या अँपच्या ऑक्सला जोडा.

आता हमखास होणारी चूक. त्या कन्व्हर्टरला किंवा ब्लूटूथ रिसीव्हरला 5 व्होल्ट लागतात आणि सोबत यूएसबीची वायर येते. माणूस ती सोयीने कॉम्प्युटरच्याच यूएसबीत खोचतो. प्रकाशाने तोडलेली जोडणी त्या वायरीने पुन्हा जुळते आणि घूं परत येतं. अशी तीन घरं मी पाहिली आहेत, तिन्ही घरांत कन्व्हर्टरला नावं ठेवली जात होती. वीज चांगल्या मोबाइल चार्जरमधून, अँपच्या बोर्डावरून द्या.

ब्लूटूथवर सिनेमा बघताना ओठ आणि शब्द थोडे मागेपुढे होऊ शकतात. गाण्याला फरक पडत नाही.

फेराइट बीड, सोन्याचा मुलामा असलेली केबल, जाड केबल?

फेराइट (केबलवर चढवायचा काळा मणी) रेडिओ लहरींवर चालतं, 50 हर्ट्झवर काही करत नाही. सोन्याचा मुलामा पावसाळ्यात गंज धरू देत नाही, एवढाच त्याचा उपयोग. जाड आवरणाची, आखूड केबल मात्र जरूर घ्या: आवरणाचा रेझिस्टन्स कमी म्हणजे त्यावर तयार होणारं व्होल्टेज कमी. ती मेन्सच्या वायरीला समांतर टाकू नका, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

लाइट गेले आणि इन्व्हर्टर सुरू झाला की आवाज एकदम वाढतो.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. त्याची वीज टोकदार असते, वरच्या कंपनांनी भरलेली, आणि ती सगळी कपॅसिटरमधून जास्त जोमाने झिरपते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच इलाज. तोवर लाइट नसताना लॅपटॉप बॅटरीवर.

अँपच्या कुठल्या भोकात जोडायचं?

ऑक्स, सीडी किंवा टेप-इन. फोनो लिहिलेल्या जागी कधीही नाही. फोनो इनपुट तबकडीच्या सुईतून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि ते खालचे सूर मुद्दाम वाढवतं: 50 हर्ट्झला मधल्या सुरांपेक्षा साधारण 17 डेसिबल जास्त. तिथे कॉम्प्युटर जोडलात तर गाणं फाटेल आणि हमिंग राक्षसासारखं येईल. तबकडीचा प्लेअर लावत असाल तर त्याची सुटी बारीक वायर अँपच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला बांधा.

आणि कॉम्प्युटरचा आवाज 90 ते 100 टक्क्यांवर ठेवून अँपचा कमी ठेवा. आयसोलेटरवर डग्गा फाटत असेल तेव्हाच कॉम्प्युटर खाली आणा.

घूं स्पीकरमधून येतच नाही, अँपच्या खोक्यातूनच येतं.

तो ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. स्क्रू घट्ट करून घ्या, अँपखाली रबराचे पाय ठेवा. केबलशी याचा संबंध नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो. हेच सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, त्यामुळे घूं 60 आणि 120 हर्ट्झचं. तिथे केबल टीव्हीची तार घरात शिरते त्या जागी तिचं आवरण घराच्या अर्थिंगला जोडलेलं असावं लागतं. ते सुटलेलं किंवा गंजलेलं निघालं तर केबल कंपनीला बोलावून दुरुस्त करून घ्या. तीन पिनांचं दोन करणारा राखाडी-नारिंगी अडॅप्टर तिथल्या दुकानांतही मिळतो. पक्कड आणि पिनबद्दल वर जे लिहिलं ते त्याला जसंच्या तसं लागू आहे. भारतातून नेलेला 230 व्होल्टचा अँप स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल तर तो ट्रान्सफॉर्मर अँपपासून आणि आरसीए केबलपासून दोन-तीन हात लांब ठेवा.

वडिलांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतोय आणि रेकॉर्डिंगमध्येच हमिंग आलंय. नंतर काढता येईल?

ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 50, 100, 150 हर्ट्झवर नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावता येतो. बोलण्याचं रेकॉर्डिंग असेल, कीर्तन, भाषण, घरातली कुणाची आठवण, तर छान साफ होतं. गाणं असेल तर जपून. काळी एकच्या तानपुऱ्याचा पंचम 104 हर्ट्झवर आहे हे वर आलंच. 100 वर जरा रुंद नॉच लावला की हमिंगबरोबर ती तारही जाते आणि गायक अधांतरी गातोय असं वाटतं. अगदी अरुंद नॉच लावा आणि दर वेळी मूळ फाइल जपून ठेवा.

त्यापेक्षा उतरवतानाच हमिंग येऊ देऊ नका. डेक आणि लॅपटॉप जोडा, टेप न लावता वीस सेकंद रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रमचा आलेख बघा. 50 आणि 100 वर सुळके दिसले तर थांबा, चार्जर भिंतीतून काढा, पुन्हा वीस सेकंद घ्या. सुळके बसले की कॅसेट लावा. सी-60 कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची असते, तेवढा वेळ बऱ्या लॅपटॉपची बॅटरी सहज पुरते. बाजू बदलताना चार्ज करून घ्या.